मास्तरांची चोरून केलेली दुरुस्ती

मास्तरांच्या तोंडात दिवसभर खिळे असत. सोफे, खुर्च्या, बाकं खोलून पुन्हा भरायची आणि त्यांच्यावर नवं कापड चढवायचं, हा त्यांचा धंदा. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक ओठांपर्यंत आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाने उचलायचा आणि ठोकायचा, ही त्यांच्या उस्तादाने शिकवलेली रीत. आता पिना मारायची बंदूक मिळते. मास्तरांनी ती एकदा आणली, दोन खुर्च्यांवर चालवली आणि फळीवर टाकून दिली. तोंडात खिळे असलेला माणूस बोलणार नाही, हे समजण्यासारखं आहे. पण मास्तर जेवतानाही बोलत नसत, आणि लग्नाला होकारसुद्धा त्यांनी नुसती मान हलवून दिला होता, असं गल्लीत सांगत.

त्यांचं काही अडत नव्हतं, कारण बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. तिला सगळी गल्ली बाई म्हणायची. पुढच्या खोलीत मास्तरांची ठोकाठोक, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत, त्या भिंतीत एक चौकोनी झरोका, आणि मागच्या खोलीत बाईंचं शिलाई मशीन. जिना चढून वर गेलं की राहायच्या दोन खोल्या. कापायचं मास्तरांनी, शिवायचं बाईंनी, असा कारभार. शिवता शिवता बाई झरोक्यातून गिऱ्हाइकाशी बोलत. खुर्ची टाकायला आलेला माणूस जाताना आपल्या सासूचं दुखणं, भावाचं फिसकटलेलं लग्न आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याचा स्वभाव इथे ठेवून जाई. एकदा एका सोफ्याच्या फटीतून कवळी निघाली. बाईंनी फोन करकरून तिचा मालक शोधला आणि पुढे वर्षभर तो किस्सा नकलांसकट सांगितला. मास्तर प्रत्येक वेळी हसले. तोंडात खिळे असताना हसायचं कसं, ते त्यांनाच ठाऊक.

भांडणंही होत. भांडण म्हणजे बाई बोलत आणि मास्तर जरा जास्तच जोरात ठोकत. समोरचा चावीवाला म्हणायचा, आज मास्तरांनी फार बाजू मांडली. असा पंचवीसेक वर्षांचा संसार, आणि त्यात कोणाला काही खोट काढता आली नसती.

मग बाईंचं बोलणं कमी झालं. कधीपासून, ते मास्तरांना नीट सांगता येत नाही. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, म्हणून बाईंनी मनाला लावून घेतलं, असा निकाल लोकांनी लगेच देऊन टाकला. खरं म्हणजे लेकीची बॅग बाईंनीच भरली होती आणि तिला स्टेशनवर सोडून येताना त्या गाणं गुणगुणत होत्या. पण लोकांना कारण लागतं, आणि एकदा कारण सापडलं की उपायही तोंडपाठ असतात. मन रमवा, सकाळी फिरायला जा, काहीतरी नवीन शिका. जिला उठून तोंड धुणं जमत नाही तिला भरतकाम शीक म्हणणारी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

दातांच्या दवाखान्यातल्या एका लांब बाकाचं काम चालू असताना मास्तरांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. बाईंनी शिवून दिलेलं कव्हर त्यांनी फोमवर चढवलं, तर कडेचा गोट सापासारखा वळत गेलेला. बाईंच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मास्तर ते हातात धरून उभे राहिले. आदल्याच दिवशी एक कप फुटला, तेवढ्यावरून बाई जिन्यात बसून रडल्या होत्या. आता हे दाखवलं तर काय होईल, या विचाराने त्यांनी कव्हर घडी घालून बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाई उठायच्या आत ते खाली आले, त्यांनी शिवण उसवली आणि स्वतः मशीनवर बसून नव्याने टीप मारली. बाई खाली आल्या तेव्हा बाक तयार होतं.

मास्तरांना फार समाधान वाटलं. आपण बायकोची लाज राखली आणि तिला कळूही दिलं नाही, असं त्यांना वाटलं. बोलून जे जमत नव्हतं ते त्यांनी हाताने केलं होतं. मग ते रोजचंच झालं. बाई शिवत, मास्तर सकाळी लवकर उठून उसवत, परत शिवत. बाई कधी कधी तासन्‌तास मशीनच्या चाकावर हात ठेवून नुसत्या बसलेल्या दिसत. ते बघवेना, म्हणून मास्तरांनी झरोक्यावर एक फळी ठोकली. ठोकाठोकीचा तुला त्रास नको, असं सांगितलं. बाई बरं म्हणाल्या.

हळूहळू मास्तरांच्या मनात एक किडा वळवळायला लागला. बाई बोलत नाहीत, विचारलं तर हो नाही करतात, जेवायला वाढतात आणि उठून जातात. गल्लीत कोणी भेटलं तर ओढूनताणून चार शब्द बोलतात, पण घरात एकही नाही. याचा अर्थ काय? मास्तरांनी स्वतःशीच अर्थ लावला. हिला माझा वीट आला. घुम्या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली, आता पुरे झालं तिला. हा अर्थ लागल्यावर त्यांना दुखावल्यासारखं झालं, आणि दुखावलेला घुम्या माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ते आणखी गप्प झाले. दुपारचं जेवण खाली दुकानातच करायला लागले. संध्याकाळी दुकान बंद करून बागेतल्या बाकावर एकटेच बसून राहायला लागले. बागेतलं ते बाक लोखंडी होतं, बसायला अजिबात बरं नव्हतं.

इकडे बाई वर अंधारात दिवा न लावता बसत. नवरा घरी यायचं टाळतो, हे त्यांना दिसत होतं. कुठे जाता, असं त्यांनी विचारलं नाही. नुसतं बोलायचं म्हटलं तरी त्यांना थकल्यासारखं व्हायचं. त्या बोलत नाहीत म्हणून हे बाहेर, हे बाहेर म्हणून त्यांचं आणखी खचणं. दोघांपैकी वाईट कोणीच नव्हतं, आणि तरी घर दिवसेंदिवस राहण्यासारखं उरत नव्हतं.

एके दिवशी दुपारी भडका उडाला. एका गिऱ्हाइकाने मोठ्या हौसेने हिरवी मखमल आणून दिली होती. मखमलीला लव असते, ती सगळीकडे एकाच दिशेला बसावी लागते. बाईंनी पाठीचा तुकडा उलटा जोडला. मखमल उसवली की टाक्यांची भोकं दिसत राहतात, आणि तसलं कापड बाजारात परत मिळणार नव्हतं. मास्तरांनी तोंडातले खिळे थुंकले आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला.

"तुला काय कमी आहे? काय कमी आहे ते तरी सांग एकदा."

"काही नाही," बाई म्हणाल्या. मशीनवर झाकण घालून म्हणाल्या, "मी ताईकडे जाते."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? परत येणार ना?"

"तुमचं माझ्यावाचून काही अडत नाही," बाई म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

मास्तरांना तो टोमणा वाटला. रात्री लेकीचा फोन आला तेव्हा ते तिला म्हणाले, आई घर सोडून चालली आहे. लेक म्हणाली, "बाबा, आई रागावलेली नाही, आजारी आहे. मला फोनवर कळतंय, तुम्हाला घरात कळत नाही का? आधी डॉक्टर, मग मावशी. मी येते." ती आली आणि दोघांना मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. बाई एखादं पार्सल न्यावं तशा गेल्या. मास्तर मागून, चपला फरपटत.

डॉक्टर मध्यम वयाच्या, शांत स्वभावाच्या होत्या. त्यांच्यासमोरच्या खुर्चीचा फोम पार बसला होता. मास्तरांचं निम्मं लक्ष तिथेच गेलं. झोप कशी आहे, भूक कशी आहे, असं विचारत विचारत डॉक्टरांनी बाईंना विचारलं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? बाई बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिल्या.

"हे माझी शिवण उसवतात," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना काही कळलं नाही. मास्तरांना कळलं.

"मी उठायच्या आत खाली जातात, माझी शिवण उसवतात आणि परत शिवून ठेवतात," बाई सांगायला लागल्या. "टीप संपताना मी मशीन दोनदा मागेपुढे करते. हे तीनदा करतात. मला पहिल्याच दिवशी कळलं. मी रोज शिवते, हे रोज उसवतात. मग झरोकाही बंद केला. मला वाटलं, मी आता कामाचीही राहिले नाही, आणि चूक दाखवण्याच्या लायकीचीही राहिले नाही."

"तुला वाईट वाटेल म्हणून केलं," मास्तर म्हणाले. "आणि तू बोलेनाशी झालीस. मला वाटलं, तुला माझा वीट आला."

बाईंनी कितीतरी दिवसांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "वीट यायला काहीतरी वाटावं लागतं," त्या म्हणाल्या. "मला काहीच वाटत नव्हतं. चहाचीही चव लागत नव्हती. त्यात तुमचा काय संबंध?"

कोपऱ्यात बसलेली लेक रडायला लागली. डॉक्टरांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि मास्तरांना साध्या भाषेत सांगितलं. हा आजार आहे, याला डिप्रेशन म्हणतात. गोळ्या आहेत, गुण यायला काही आठवडे लागतात. आजारामुळे घरातलं बोलणं आटलं आणि बोलणं आटलं म्हणून आजार वाढत गेला, तेव्हा उपाय दोन्ही बाजूंनी करावा लागेल. गोळ्या एक बाजू बघतील. दुसरी बाजू तुम्हा दोघांची. मास्तरांनी मान हलवली. डॉक्टर म्हणाल्या, "मान नको, तोंडाने सांगा." मास्तर म्हणाले, "हो."

एवढ्यावर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. झालं नाही. बाई ताईकडे गेल्याच. "मशीन दिसलं तरी छातीत धस्स होतं," त्या म्हणाल्या. "तिथे मला झोप तरी लागेल." डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, गोळ्या चुकवू नका आणि ठरलेल्या दिवशी दाखवायला या, एवढंच बजावलं. लेक कामावर परत गेली. मास्तर एकटे उरले, आणि बाई परत येणार की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. बाईंनाही नाही.

सुरुवातीला मास्तरांनी कामात डोकं घातलं. मग दुपारी उठवेनासं झालं. मग सकाळीही. दाढी वाढली, पाव आणि अंडी एवढ्यावर दिवस जायला लागले, एक खुर्ची पोट फाडलेल्या अवस्थेत तशीच पडून राहिली. बायको किती किती तास अशीच बसत असेल, ते त्यांना आता आतून कळायला लागलं. शेवटी समोरचा चावीवाला रस्ता ओलांडून आला.

"मास्तर, शटर अर्धं उघडं ठेवून बसलाय. गिऱ्हाइकाने काय रांगत यायचं?"

मास्तरांनी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. शिवण, झरोका, बागेतलं बाक, मखमल, ताई. इतकं बोलणं चावीवाल्याने त्यांच्या तोंडून गेल्या पंधरा वर्षांत मिळूनही ऐकलं नव्हतं. तो गुडघ्यावर हात ठेवून ऐकत राहिला, आणि ऐकून झाल्यावर वैतागला.

"हे मला कशाला सांगताय? तुमच्याशी लग्न मी केलंय का? उठा, दाढी करा आणि वहिनींना जाऊन सांगा."

मास्तर उठले. दाढी केली. दोन जागी कापून घेतलं आणि मेहुणीच्या घरी गेले.

दार साडूने उघडलं. हा गृहस्थ निवृत्त झाल्यापासून सगळ्या विषयांवर सल्ला देत असे. मन कुठेतरी गुंतवायला हवं, ही त्याची सुरुवात होत होती, तेवढ्यात मेहुणीने त्याला आत बोलावून घेतलं. या एका गोष्टीसाठी मास्तर तिचे जन्मभर ऋणी राहिले. बाई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. चेहऱ्यावर थोडा तजेला होता, पण फार नाही. मास्तर उभेच राहिले. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली होती, ती सगळी पळून गेली.

"परत चल म्हणायला आलोय," ते म्हणाले.

"कामाचा खोळंबा झालाय का?"

"कामाला माणूस मिळेल. शिवणारे पुष्कळ आहेत." मास्तर थांबले. "मला घरात तू हवी आहेस. बोललीस तरी चालेल, नाही बोललीस तरी चालेल. शिवू नकोस हवं तर."

बाई रस्त्याकडे बघत राहिल्या. "आणि शिवलं आणि वाकडं गेलं तर?"

"तर सांगेन."

"काय सांगाल?"

"वाकडं गेलंय म्हणून सांगेन."

"तोंडावर?"

"तोंडावर. खिळे काढून."

बाईंना हसू आलं नाही, अजून ते यायचं होतं. त्यांनी मास्तरांच्या हनुवटीवरचं रक्त बघितलं, सैल झालेला सदरा बघितला आणि विचारलं, "जेवलात का?" कित्येक महिन्यांत हा प्रश्न मास्तरांना कोणी विचारला नव्हता. ते गॅलरीच्या उंबऱ्यावर बसले आणि तोंडावर हात धरून रडले. बाई उठून ताट वाढायला आत गेल्या.

त्या दिवशी त्या आल्या नाहीत. काही आठवड्यांनी आल्या, स्वतःहून, हातात बॅग घेऊन. झरोक्यावरची फळी निघाली होती. सुरुवातीला त्या उशांच्या खोळीच शिवत. काही दिवस मशीन चालायचं, काही दिवस नाही. न चालण्याच्या दिवशी मास्तर झरोक्यातून सांगत, आज मी अमुक करतोय, आज तमुक गिऱ्हाईक आलं होतं. सांगायची सवय नसल्यामुळे ते रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटायचं. बाई म्हणाल्या, "इतकं सगळं नाही सांगितलं तरी चालेल." पण त्या ऐकत होत्या.

मग एका गोल खुर्चीचं कव्हर आलं. मास्तरांनी ते चढवून पाहिलं, खाली ठेवलं, परत चढवून पाहिलं. त्यांनी खिळे तळहातावर काढले.

"अगं, हे वाकडं गेलंय."

मशीन थांबलं. "कुठे?"

"डाव्या बाजूला. कोपऱ्यात."

बाई बाहेर आल्या. कव्हर उलटं केलं, कापाची कड बोटाने तपासली, टेप लावून मोजलं, परत मोजलं. "हा कोपरा तुम्हीच तिरका कापलाय," त्या म्हणाल्या. "मी काय करणार त्याला? गेल्या वर्षी चोरून उसवत होतात तेव्हा बघितलंत का कधी, काप कसा आहे ते? निम्म्या चुका तुमच्याच असतील. माझ्या माथी मारल्यात सगळ्या." मास्तर म्हणाले, काप बरोबर आहे. बाई म्हणाल्या, चष्मा बदला. मास्तर म्हणाले, चष्म्याचा काही संबंध नाही. आवाज चढत गेले आणि चावीवाला दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. काप तिरकाच होता. मास्तरांनी ते तोंडाने कबूल केलं, आणि बाई आत जाऊन मशीनवर बसल्या तेव्हा त्यांचे गाल लाल झाले होते. मास्तरांच्या मनात आलं, आता ही वाचली. आणि आपणही.

आजार तेवढ्यावर कायमचा गेला, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तो काही वर्षांनी परत आला. मास्तरांचे केस तोवर पांढरे झाले होते, लेकीचं लग्न होऊन तिला मुलगी झाली होती, आणि बाईंचं नकला करणं पूर्वीसारखं जोरात चालू होतं. काही दिवस त्या गप्प गप्प दिसत होत्या. मास्तर बघत होते. एकदा त्यांनी विचारलंही, बाई म्हणाल्या, काही नाही. मास्तरांच्या मनात तो जुना किडा लगेच हलला. माझं काही चुकलं का, माझा कंटाळा आला का. असल्या सवयी सहज जात नाहीत.

त्यानंतर एका सकाळी चहा घेताना बाईंनी कप खाली ठेवला.

"अहो, परत तसंच व्हायला लागलंय," त्या म्हणाल्या. "उठावंसं वाटत नाही, चव लागत नाही. तुमच्यामुळे नाही. हे आधी सांगते."

मास्तरांचा हात कपाच्या कानावरच राहिला. मागच्या वेळी याच एका वाक्यावाचून त्यांचं वर्ष गेलं होतं, बागेतल्या बाकावर, भलतंच काहीतरी समजून. आज बाईंनी ते उचलून त्यांच्यापुढे ठेवलं होतं. धड उठून बसायचीही ताकद नसताना.

"बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले. "आवर. डॉक्टरांकडे जाऊ."

"आज हॉटेलच्या खुर्च्या द्यायच्या आहेत."

"उद्या देऊ."

बाई बऱ्याच वेळाने उठल्या. चप्पल घालताना दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. "वाटेत माझ्याच्याने बोलवणार नाही," त्या म्हणाल्या.

"मी बोलतो," मास्तर म्हणाले.

बोलण्यासारखं त्यांच्याकडे फार काही नव्हतं, तरी दवाखाना येईपर्यंत ते थांबले नाहीत.